मतांची उधळपट्टी

सांप्रत आमच्या समाजात पुष्कळ वस्तू महाग झाल्या आहेत. स्वस्त राहिली आहे ती एकच, आणि ती म्हणजे मत. त्यातही चित्रपटावरचे मत आणि विनोदी कार्यक्रमावरचे मत यांना तर काही मोलच उरलेले नाही. सायंकाळची आरती आटोपून मंडळी अग्रशाळेच्या पायऱ्यांवर बसली, मुंबईहून जत्रेला आलेला भाचा भेटला, लग्नाच्या पंगतीत शेजारी कोणी ओळखीचा निघाला, की "पिक्चर कसो आशिल्लो?" हा प्रश्न ठरलेला, आणि "बरो आशिल्लो" हे उत्तरही ठरलेले. बेळगावात हाच प्रश्न मराठीत होतो. इंदूर-ग्वाल्हेरीस त्याला हिंदीचा, बडोद्यास गुजरातीचा आणि हैदराबादेस दख्खनीचा वास येतो. उत्तर मात्र सर्वत्र एकच. "बरा", "भिकार", "संथ" आणि "टाइमपास" या चार शब्दांत दोन-अडीच तासांच्या कलाकृतीचा निकाल लागतो, आणि निकाल देणारा पुढच्या क्षणी आंब्याच्या भावाकडे वळतो.

आमचा आक्षेप गप्पांना नाही, हे प्रथमच स्पष्ट करतो. पाहिलेल्या गोष्टीविषयी चार माणसांत बोलावेसे वाटणे ही माणसाची स्वाभाविक ओढ आहे, आणि ज्या समाजात नाटक पाहून घरी जाताना वाटेत कोणी बोलत नाही त्या समाजात नाटक फार दिवस टिकत नाही. आमचा आक्षेप आहे तो गप्पा सोडून निकाल देऊ लागणाऱ्या वृत्तीस. पुरते न पाहता, किंवा पाहूनही लक्ष न देता टाकलेला शब्द हे मत नव्हे. आणि अशा शब्दांच्या उधळपट्टीने आमच्या मराठी आणि कोंकणी या दोन्ही भाषांच्या कलेचे प्रत्यक्ष नुकसान होत आहे, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. ते आम्ही येथे शक्य तितके सविस्तर मांडणार आहोत.

यावर पहिला युक्तिवाद नेहमीचा आहे. "अहो, आम्ही काही टीकाकार नव्हे. तिकिटाचे पैसे मोजले, दोन घटका करमणूक मागितली. ती मिळाली तर बरा, न मिळाली तर भिकार. यात कोणाचे काय बिघडले?" हा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड वाटतो. परंतु तो खरा आहे तो मोठ्या भाषांच्या मोठ्या चित्रपटांपुरता. हिंदीतल्या एखाद्या नामवंत नटाचा चित्रपट हजारो पडद्यांवर एकाच दिवशी लागतो; त्याच्या जाहिरातीचा खर्चच आमच्या एखाद्या चित्रपटाच्या सबंध खर्चाहून जास्त असतो. त्याला आपल्या पायरीवरचा "भिकार" लागत नाही. मराठी किंवा कोंकणी चित्रपटाची गोष्ट निराळी. तो शुक्रवारी लागतो, त्यास बहुधा अडनिड वेळेचे थोडके खेळ मिळतात, आणि शनिवार-रविवारची गर्दी पाहून चित्रगृहाचे चालक पुढच्या आठवड्याचा निर्णय करतात. म्हणजे त्याचे आयुष्य तीन दिवसांत ठरते. या तीन दिवसांत त्याच्याजवळ जाहिरात असते ती एकच, ती म्हणजे पाहून आलेल्या माणसाचे बोलणे. तो माणूस "ठीक आहे, घरी मोबाइलवर आला की बघा" एवढे म्हणाला की काम आटोपले. त्याच्या मनात दुष्टावा नसतो. पण परिणाम दुष्टाव्याचाच होतो.

कोंकणीच्या बाबतीत तर हे गणित अधिकच निष्ठुर आहे. 'मोगाचो आंवडो' हा पहिला कोंकणी चित्रपट १९५० साली निघाला. त्यानंतर १९६३ मध्ये 'आमचें नशीब' आणि १९६६ मध्ये 'निर्मोण' आला. या चित्रपटांची गाणी आजही गोव्यात लोकांच्या ओठांवर आहेत. परंतु वर्षाकाठी ठरावीक संख्येने चित्रपट निघावेत असा व्यवसाय काही त्यातून उभा राहिला नाही. पुढे २००९ साली लक्ष्मीकांत शेटगांवकर यांच्या 'पलतडचो मनीस' या चित्रपटास टोरांटोच्या महोत्सवात आंतरराष्ट्रीय समीक्षकांच्या संघाचा पुरस्कार मिळाला. रानातला एकटा वनरक्षक एका वेडसर स्त्रीस आश्रय देतो, आणि गाव त्याच्याकडे कसे पाहू लागते, एवढीच कथा. मूळ कादंबरी महाबळेश्वर सैल यांची. परक्या देशातल्या समीक्षकांनी ज्या गावाकडे दोन तास डोळे लावून पाहिले, त्या गावाची माणसे त्याविषयी काय म्हणाली? आम्ही अनेकांस विचारले. "पुरस्कार मिळालेला ना? मग संथच असणार" हे उत्तर आमच्या कानी वारंवार आले, आणि असे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तो पाहिलेलाच नव्हता. गावातल्या देवळाचे, गावातल्या देवभक्तांच्या वागण्याचे चित्र ज्यात आहे, त्याविषयी देवळाच्या आवारातली माणसे इतकी बेफिकीर असावीत, याचा खेद कोणास वाटू नये काय?

आता 'संथ' या शब्दाकडेच वळू. कारण चारही शब्दांत हा सर्वांत प्रतिष्ठित आहे, आणि म्हणून सर्वांत घातक. 'सैराट' हा नागराज मंजुळे यांचा चित्रपट २०१६ साली आला. पूर्वार्धातील गाण्यांनी महाराष्ट्र, सीमाभाग आणि गोवा डोलला. लग्नाच्या वरातींत तीच गाणी वाजली. परंतु जो तो म्हणे, "पहिला अर्धा झकास, दुसरा अर्धा संथ." हे वाक्य आम्ही इतक्या तोंडांतून ऐकले की ते एकाच छापखान्यात छापून वाटले असावे अशी शंका यावी. जरा लक्ष देऊन पाहा. पूर्वार्ध गावात घडतो. तेथे नदी आहे, विहीर आहे, संगीत आहे, आणि सारे जग त्या दोघांसाठी वाजते आहे. उत्तरार्धात आर्ची आणि परश्या पळून हैदराबादेस येतात. तेथे त्यांची भाषा कोणास कळत नाही. झोपडपट्टीतल्या एका खोलीत संसार मांडावा लागतो. बापाच्या वाड्यात वाढलेली मुलगी कारखान्यात कामाला जाते आणि हळूहळू तेलुगू बोलू लागते. गाणी थांबतात, कारण त्यांच्या आयुष्यातली गाणी थांबली आहेत. संथपणा हा येथे दोष नाही. तोच अर्थ आहे. आणि शेवटी, माहेरची माणसे भेट घेऊन येतात आणि निघून जातात, त्यानंतर पडद्यावरचा सारा आवाज बंद होतो आणि एक तान्हे मूल रक्ताने भरलेल्या पावलांनी चालत जाते, तेव्हा त्या शांततेचा घाव बसतो तो आधीच्या संथ संसाराने आपल्या मनात घर केले म्हणूनच. हैदराबादेतल्या आमच्या वाचकांच्या कित्येक कुटुंबांचे पूर्वज असेच केव्हातरी गाव आणि भाषा मागे टाकून तेथे गेले असतील. त्यांनी तरी तो उत्तरार्ध संथ म्हणू नये.

चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल' या मराठी चित्रपटाचीही हीच दशा झाली. २०२० मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्यास सर्वोत्तम पटकथेचा पुरस्कार मिळाला, आणि दुसऱ्या वर्षी तो नेटफ्लिक्सवर घरोघर उपलब्ध झाला. रागसंगीताची साधना करणारा, निष्ठेत कोठेही उणा नसलेला, तरीही ज्याला ते गाणे शेवटपर्यंत साधत नाही असा एक तरुण त्यात आहे. त्याच्या गुरूची भूमिका मोगूबाई कुर्डीकरांचे शिष्य अरुण द्रविड यांनी केली आहे. मोगूबाई गोव्याच्या कुर्डीच्या, केसरबाई केरीच्या. ज्या मातीने हिंदुस्थानी संगीताला अशी रत्ने दिली, त्या मातीतल्या माणसांसाठी हा चित्रपट जणू घरचाच होता. पण "फार संथ हो, बंद केला" हेच पुष्कळांचे मत. ज्यांचे आजोबा देवळाच्या सभामंडपात खांबाला टेकून विलंबित ख्याल तासभर ऐकत आणि समेवर मान डोलवीत, त्यांच्या नातवांस दहा मिनिटांत कंटाळा यावा, हा काळाचा महिमा म्हणून सोडून देता येईल. परंतु त्या कंटाळ्याचे खापर कलाकृतीवर फोडावे, हे मात्र आम्हांस मान्य नाही. "मला धीर धरवला नाही" हे एक प्रामाणिक वाक्य आहे. "चित्रपट संथ आहे" हा दुसऱ्यावर ठेवलेला आरोप आहे. या दोहोंतला भेद ज्यास कळत नाही त्याने मत देण्याची घाई करू नये.

येथे दुसरा प्रतिपक्ष उभा राहतो, आणि तो पहिल्याहून चतुर आहे. तो म्हणतो, "म्हणजे मत देण्याची मिरास विद्वानांकडेच राहावी, असे तुमचे म्हणणे दिसते. सामान्य माणसाने तोंड मिटून बसावे काय?" मुळीच नाही. या प्रश्नाचे उत्तर आमच्या परंपरेने फार पूर्वी दिलेले आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात, सिद्धींचे विवेचन करणाऱ्या सत्ताविसाव्या अध्यायात, प्रयोगाची पारख करणाऱ्या 'प्राश्निकां'ची यादी आहे. त्यात यज्ञ जाणणारा आहे, व्याकरण आणि छंद जाणणारे आहेत, हे खरे; परंतु त्यांच्याच पंक्तीस नर्तक आहे, चित्रकार आहे, गायक आहे, धनुर्धर आहे, राजा आहे तसा राजाचा सेवक आहे, आणि गणिकाही आहे. ही योजना कशासाठी? रंगभूमीवर धनुष्य ओढले गेले तर ते बरोबर ओढले की नाही हे वैयाकरणास कळणार नाही, धनुर्धरास कळेल. सेवक मालकापुढे कसा उभा राहतो हे राजाहून सेवकास अधिक ठाऊक. ज्याने त्याने आपल्या अनुभवाच्या जागी उभे राहून बोलावे, एवढीच अपेक्षा.

याच न्यायाने आम्ही म्हणतो की, पडद्यावर होडी लोटताना दिसली तर आमच्या बेतुलच्या रांपणकाराचे मत आम्हांस कोणत्याही समीक्षकाच्या मतापेक्षा मोलाचे आहे. पडद्यावरची सासू खरी वाटते की खोटी हे सांगण्याचा अधिकार वीस वर्षे संसार केलेल्या बाईस आहे. पुजाऱ्याचे चित्र योग्य आहे काय, हे देवळात पहाटे पाणी भरणाऱ्याने सांगावे. अट एवढीच की त्याने काय पाहिले ते सांगावे. "हा माणूस वल्हे धरतो ते चुकीचे" हे मत आहे, त्यावर वाद होऊ शकतो, दिग्दर्शकही त्यातून शिकू शकतो. "भिकार" यातून कोण काय शिकणार? आम्ही सामान्य माणसाचे तोंड बंद करू इच्छीत नाही. उलट, चार वापरून गुळगुळीत झालेल्या शब्दांनी त्याचे तोंड बंद केले आहे ते उघडावे, असे आम्हांस वाटते. त्याच ग्रंथात असेही सांगितले आहे की सर्वांस सर्व आवडत नाही. तरुणास एक रुचते, विरक्तास दुसरे. तेव्हा आवडीनिवडीवर आमचा वाद नाहीच. आवड सांगावी, खुशाल सांगावी. पण ती सांगताना निकालपत्राचा आव आणू नये.

विनोदी कार्यक्रमांविषयी थोडे विस्ताराने लिहिणे प्राप्त आहे, कारण तेथे आमच्या लोकांची घाई सर्वांत जास्त. हल्ली एकटा कलावंत ध्वनिक्षेपकापुढे उभा राहून तासभर बोलतो, आणि तो कार्यक्रम पुढे घरोघर पडद्यावर दिसतो. हा प्रकार इंग्रजी मुलखातून आला म्हणून काही मंडळी नाक मुरडतात. पण एकट्याने उभे राहून समाजास हसविण्याची रीत आम्हांस परकी नाही. कीर्तनकार उत्तररंगात हेच करीत आला; एकनाथांच्या भारुडांनी हेच केले. दशावतारी काल्यात काळ्या वेषातला शंकासुर बोलीभाषेत सूत्रधाराची फिरकी घेतो, गावातल्या घडामोडींवर कोपरखळ्या मारतो, आणि अखेर विष्णूच्या हातून मरतो. हे सारे देवळापुढे, देवाच्या उत्सवात आणि देवाच्या साक्षीने. पु. ल. देशपांडे यांनी १९६१ साली 'बटाट्याची चाळ' एकट्याने रंगभूमीवर उभी केली; पुढे लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला' मध्ये पन्नासाहून अधिक पात्रे एकट्याने वठविली. तियात्रातल्या कांतारांनी सत्ताधाऱ्यांस तोंडावर सुनावण्याची परंपरा आजही चालविली आहे. तेव्हा ज्यास विनोदी एकपात्रीची पारख करावयाची आहे त्यास मापे शोधण्यासाठी दूर जावे लागणार नाही.

आणि मापे आहेत. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात हास्याचे सहा प्रकार सांगितले आहेत: स्मित, हसित, विहसित, उपहसित, अपहसित आणि अतिहसित, दोन उत्तमांचे, दोन मध्यमांचे, दोन अधमांचे. स्वतः हसणे निराळे आणि दुसऱ्यास हसविणे निराळे, हाही भेद तेथे आहे. आज आम्ही काय करतो? "हसलो" की उत्तम, "हसलो नाही" की टाकाऊ. कोणत्या तऱ्हेचे हसलो, कोणास हसलो, हसण्याचा आसूड वर बसला की खाली, दुबळ्याच्या पाठीवर बसला की बलवानाच्या, बोलणाऱ्याने स्वतःस त्या थट्टेत घेतले की स्वतः सुरक्षित राहून इतरांस चिखलात लोटले, हे प्रश्न कोणी विचारीत नाही. पु. लं.च्या चाळीस आम्ही हसलो, कारण ते चाळीतच उभे होते. आज जे कलावंत केवळ कोणाच्या रंगास, जाडीस किंवा बोलीस हसून टाळ्या मिळवितात, त्यांचे कार्यक्रम हास्याच्या दृष्टीने यशस्वी असतील. आमच्या दृष्टीने ते आळशी आहेत. मालवणीस, कारवारीस किंवा वऱ्हाडीस नुसते उच्चारून दाखवून हशा पिकविणे यात कलेचा भाग कोणता? पण असे बोट ठेवून बोलण्याऐवजी आमचे रसिक "काय हसवतो हो!" एवढ्यावर थांबतात, आणि आळशी कलावंताचे फावते.

याहून मोठा अपराध तुकड्यांचा आहे. तासभराच्या बोलण्यातले तीस सेकंद कोणी तरी कापतो, ते हातोहात फिरते, आणि त्या तीस सेकंदांवर सारे मत उभे राहते. वीर दास यांनी नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉशिंग्टनच्या केनेडी सेंटरमध्ये दोन भारतांविषयी काही मिनिटांचे एक निवेदन वाचले. त्यावर देशात तक्रारी झाल्या, कौतुकही झाले. २०२३ मध्ये त्यांच्या 'लँडिंग' या कार्यक्रमास आंतरराष्ट्रीय एमी पुरस्कार मिळाला, तेव्हा ज्यांनी आधी शिव्या दिल्या त्यांतले काही अभिमानाने फुलले. आमचा प्रश्न दोन्ही पक्षांस एकच आहे: आपण ते निवेदन आरंभापासून अखेरपर्यंत ऐकले होते काय? 'लँडिंग' पाहिला होता काय? शिवी आणि अभिमान दोन्ही जर ऐकीव असतील तर त्यांच्यात निवड करण्यासारखे काही नाही. इंदुरात २०२१ च्या जानेवारीत एका तरुण विनोदकाराचा कार्यक्रम थांबविण्यात आला, त्यास अटक झाली, आणि ५ फेब्रुवारीस सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम जामीन दिल्यावर तो सुटला. त्याच्या विनोदाचा दर्जा काय, हा स्वतंत्र प्रश्न आहे. परंतु जो कार्यक्रम पुरा झालाच नाही, त्यावर सबंध देशाने दोन्ही बाजूंनी मत दिले.

आणि येथे आम्ही आमच्या मुख्य मुद्द्यापाशी येतो. "टाइमपास" म्हणून हात झटकणारा आणि "बंदी घाला" म्हणून हात उगारणारा हे दोघे एकमेकांचे शत्रू नव्हेत. ते सख्खे भाऊ आहेत. दोघांनाही पाहण्याचे श्रम नकोत. एकास कलेचे सुखही फुकट हवे, दुसऱ्यास तिचा संतापही फुकट हवा. २०१७ साली गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय महोत्सवाच्या इंडियन पॅनोरमातून, निवडमंडळाने निवडलेले दोन चित्रपट केंद्रीय मंत्रालयाने वगळले. एक रवी जाधव यांचा मराठी 'न्यूड', दुसरा सनलकुमार शशिधरन यांचा मल्याळम 'एस दुर्गा'. निवडमंडळाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला. केरळ उच्च न्यायालयाने 'एस दुर्गा' दाखविण्याचा आदेश देऊनही तो त्या महोत्सवात दाखविला गेला नाही. सरकारने आपली कारणे सांगितली, त्यांचा विचार येथे करीत नाही. आम्ही बोलतो आहोत ते पणजीत आणि फोंड्यात त्या दिवसांत ऐकू येणाऱ्या मतांविषयी. ती सारी मते दोन नावांवर आधारलेली होती. 'न्यूड' पुढे एप्रिल २०१८ मध्ये चित्रगृहांत आला. त्यात काय होते? नवऱ्याचा छळ सोसून मुंबईस पळून आलेली एक आई, मुलाच्या शिक्षणासाठी कलाशाळेत चित्रकारांपुढे निर्वस्त्र बसण्याचे काम पत्करते, आणि ते त्याच मुलापासून लपवीत आयुष्य काढते. देहाच्या प्रदर्शनाची कथा म्हणून ज्यांनी तिची निंदा केली, त्यांनी ती मातेची कथा पाहिली असती तर त्यांना लाज वाटली असती. पण त्यांतले किती जण ती पाहावयास गेले?

देवस्थानाशी निगडित असलेल्या आमच्या वाचकांस आम्ही विशेष नम्रतेने एक गोष्ट स्मरण करून देतो. नाट्यशास्त्राच्या पहिल्याच अध्यायात पहिल्या नाट्यप्रयोगाची कथा आहे. इंद्राच्या ध्वजमहोत्सवात देवांच्या विजयाचे नाट्य झाले. ते पाहून असुरांस आपला अपमान झाला असे वाटले. विघ्नांनी नटांची वाणी, हालचाल आणि स्मृती गोठवून टाकली. इंद्राने जर्जर उचलून विघ्नांस झोडपले, हे खरे. पण त्याने प्रश्न सुटला नाही. नाट्यगृह बांधावे लागले, आणि अखेर ब्रह्मदेवास असुरांजवळ जाऊन सामोपचाराने समजूत घालावी लागली की, हे नाट्य एका पक्षाचे नाही. तिन्ही लोकांच्या भावांचे ते दर्शन आहे. भावना दुखावण्याचा पहिला प्रसंग आणि त्यावरचे उत्तर असे दोन्ही आमच्याच ग्रंथात आहे. पाहा, समजून घ्या, मग बोला, हे ते उत्तर. दांडका तेथेही उचलला गेला, पण शेवटचा शब्द दांडक्याचा झाला नाही.

प्रभातचा 'संत तुकाराम' हा १९३६ चा चित्रपट कोणाच्या भक्तीस कमी वाटला आहे काय? मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ चालला, १९३७ मध्ये व्हेनिसला गौरविला गेला. त्या चित्रपटात जिजाई आजारी मुलास घेऊन थेट विठ्ठलाच्या देवळात जाते आणि हाती वहाण घेऊन देवास जाब विचारते. एवढाच प्रसंग कापून आज कोणी फिरविला तर काय होईल, याची कल्पना वाचकांनीच करावी. पण ज्यांनी सबंध चित्रपट पाहिला त्यांना ठाऊक आहे की त्या वहाणेतही एक प्रकारची भक्ती आहे. घरातल्या माणसाशी भांडावे तसे ती देवाशी भांडते, कारण तिने त्यास घरचा मानला आहे. तुकोबाची शांत भक्ती आणि जिजाईची भांडखोर भक्ती या दोन्ही मिळून तो चित्रपट पुरा होतो. तुकडा पाहणाऱ्यास देवाचा अपमान दिसेल. पूर्ण पाहणाऱ्यास देव दिसेल. आमच्या साऱ्या म्हणण्याचे सार या एका उदाहरणात आहे.

तेव्हा करावयाचे काय? आम्ही उपदेश करून थांबत नाही. चार गोष्टी सुचवितो, आणि त्यांपैकी एकीसही पैसा लागत नाही. पहिली: जे पुरते पाहिले नाही त्याविषयी "पाहिले नाही" एवढेच म्हणावे. हे दोन अक्षरी धैर्य, म्हणजे "नाही" म्हणण्याचे धैर्य, आमच्याकडे फार दुर्मिळ आहे. दुसरी: मत देताना पाहिलेली निदान एक जागा सांगावी, एक प्रसंग, एक चेहरा, एक वाक्य, एक खटकलेली गोष्ट. ती सांगता येत नसेल तर मत अजून तयार झालेले नाही असे समजावे. तिसरी: मराठी-कोंकणी चित्रपट पाहून आल्यावर पहिल्या तीन दिवसांत तोंडातून निघणारा शब्द हा त्या चित्रपटाच्या पोटावर पडतो, हे ध्यानात ठेवून बोलावे. वाईटास चांगले म्हणा असे आम्ही सांगत नाही. भाषेच्या प्रेमापोटी खोटी स्तुती करणे हा तर भाषेचाच घात आहे. वाईटास वाईट म्हणा, पण ते कोठे वाईट आहे ते सांगा.

चौथी सूचना देवस्थानांच्या समित्यांस आहे. गोव्यातल्या आमच्या देवळांनी नाटक जगविले, ही इतिहासाची गोष्ट आहे. जत्रेत आणि उत्सवांत गावच्या हौशी मंडळींची मराठी नाटके झाली नसती तर या भूमीत रंगभूमी उरली नसती. मंगेशीच्या आवारातूनच दीनानाथ मंगेशकर निघाले. परंतु नाटक संपते, पडदा पडतो, मंडळी पहाटे घरी जातात आणि त्याविषयी बोलणे होते ते पुन्हा पायरीवरच, चार शब्दांत. आम्ही विचारतो, नाटकाच्या दुसऱ्या दिवशी सायंकाळी त्याच सभामंडपात तासभर बसून, नटांस समोर बसवून, गावाने त्याविषयी बोलण्यास काय हरकत आहे? वर्षातून चार वेळा एखादा चांगला कोंकणी किंवा मराठी चित्रपट रीतसर परवानगी घेऊन तेथे दाखवावा आणि मग त्यावर बोलावे. अशा बैठकीत पहिल्या खेपेस लोक गप्प बसतील, दुसऱ्या खेपेस भांडतील, तिसऱ्या खेपेस बोलू लागतील. रांपणकार, शिक्षक, पुजारी, गृहिणी, कॉलेजात जाणारी पोरे, हेच आमचे प्राश्निक. भरतमुनींनी दहा सांगितले. आमच्या एका वाड्यावर तितके सहज भरतील.

कोणी म्हणेल, देवळात या गोष्टी कशास? आमचे उत्तर असे की देवळात आजवर रसिकता शिकविली गेली, म्हणूनच आमच्यात थोडीफार ती उरली आहे. देवापुढे उभे राहून आपण मूर्तीकडे एक ओझरता कटाक्ष टाकून "बरी आहे" म्हणून परत फिरत नाही. आपण थांबतो, पाहतो, पुन्हा पाहतो. त्यासच दर्शन म्हणतो. कलाकृतीस देवत्व द्यावे असे आमचे म्हणणे नाही, पण पाहण्याची जी सवय देवळाने लावली ती देवळाच्या उंबऱ्याबाहेर पडताच गळून का पडावी? ज्या समाजास पाहता येते त्यासच बोलता येते. आणि ज्यास दोन्ही येत नाही, त्याच्या नावाने चित्रपट कोण काढील, नाटक कोण लिहील, आणि त्यास हसविण्यासाठी उभे राहण्याचे धाडस तरी कोण करील? आमच्या भाषांत चांगले निघत नाही अशी तक्रार करणाऱ्यांनी प्रथम आपण जे निघाले ते कसे पाहिले, याचा हिशेब द्यावा. तो हिशेब मिळेपर्यंत त्यांची तक्रार ऐकून घेण्यास आम्ही बांधलेले नाही.